केबल मोजा, मग प्रमाणपत्र द्या

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



महाडची औद्योगिक वसाहत आणि तिथून पोलादपूरपर्यंतची गावं, या पट्ट्यात मी नेटवर्कच्या केबलची कामं घेतो. कारखान्यांतले रॅक आणि कॅमेरे, शाळांच्या संगणक खोल्या, पतसंस्था, दवाखाने, ग्रामपंचायतींची कार्यालयं, असं सगळं. माझ्याकडे कामाला लागणारी मुलंमुली बहुतेक आयटीआय करून किंवा कौशल्य विकासाचा काही महिन्यांचा कोर्स करून आलेली असतात. हुशार असतात, कष्टाळू तर असतातच. प्रत्येकाच्या फाइलमध्ये प्रमाणपत्र असतं. पण शिकताना तुम्ही टाकलेली एक तरी केबल कोणी यंत्र लावून मोजली होती का, असं विचारलं की ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या पत्राचं कारण एवढंच आहे.

मी जिथे जिथे पाहिलं तिथे प्रात्यक्षिक परीक्षा साधारण एकाच पद्धतीनं होते. प्रशिक्षणार्थ्याला दीड-दोन मीटर केबल देतात आणि दोन्ही टोकांना आरजे-४५ क्रिम्प करायला सांगतात, एक सरळ, एक क्रॉस. मग दोन-तीनशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर लावतात. एक ते आठ दिवे ठरलेल्या क्रमानं लागले की पास. तोंडी परीक्षेत रंगांचा क्रम विचारतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मुलं तो घडाघडा म्हणतात. सुरुवात तिथूनच व्हायला हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही झाली पॅच कॉर्ड, आणि पॅच कॉर्ड तर आम्ही कंपनीत तयार झालेली, पाकीटबंद घेतो. आमचं खरं काम भिंतीच्या आतलं असतं. रॅकमधल्या पॅच पॅनेलपासून टेबलाजवळच्या आयओपर्यंत, म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत, जाणारी केबल एकदा पाइपात गेली की पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. परीक्षा तिची व्हायला हवी.

दिव्यांच्या टेस्टरला काय दिसत नाही हे थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

केबलच्या पोटात तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. एका जोडीतला संदेश शेजारच्या जोडीत झिरपू नये म्हणून तो पीळ. कनेक्टरच्या आठ पिनांपैकी १ आणि २ ची एक जोडी, ४ आणि ५ ची दुसरी, ७ आणि ८ ची तिसरी. चौथी जोडी मात्र ३ आणि ६ वर बसते, मधल्या दोन पिना ओलांडून. नवख्या मुलाला हे पटत नाही. तो जोड्या सरळ ओळीनं लावून मोकळा होतो: १-२, ३-४, ५-६, ७-८. दुसऱ्या टोकालाही अगदी तसंच. आता एक नंबर एकवर पोचतो, दोन नंबर दोनवर, कुठेही अदलाबदल नाही. आठही दिवे शहाण्यासारखे ओळीनं लागतात आणि परीक्षक गुण देऊन पुढच्या मुलाकडे वळतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ चा संदेश आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या एकेका तारेवरून धावतो आहे, म्हणजे पीळ असून नसल्यासारखा. केबल आखूड असेल तर ती रडतखडत चालतेसुद्धा. लांबी वाढली, वेग गिगाबिटचा मागितला, की पॅकेट गळायला लागतात, कॅमेऱ्याचं चित्र अडकतं, संगणक मध्येच नेटवर्कबाहेर पडतो. धंद्यात याला स्प्लिट पेअर म्हणतात. प्रमाणन करणारं यंत्र हा दोष काही सेकंदांत पकडतं आणि नेक्स्टचा, म्हणजे त्या झिरपण्याचा, आलेख मर्यादा ओलांडून गेलेला तांबड्यात दाखवतं.

पोलादपूर तालुक्यातल्या एका कार्यालयात मला असंच एकदा बोलावलं होतं. लोक दाखल्यांसाठी डोंगरावरून उतरून यायचे आणि सर्व्हर डाउन आहे असं ऐकून परत चढायचे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी राउटर बदलून पाहिला होता, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रारींवर तक्रारी केल्या होत्या, संगणक दुरुस्तीला पाठवला होता. सर्व्हर कुठेच डाउन नव्हता. भिंतीतल्या सगळ्या केबल १-२, ३-४ अशा लावलेल्या होत्या. दिव्यांचा टेस्टर लावला, तर प्रत्येक केबल पास. ज्या मुलानं ते काम केलं होतं त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं आणि त्यानं ते मनापासून, केसिंगची पट्टी अगदी ओळंब्यात बसवून केलं होतं. ३ आणि ६ एकत्र का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि चुकल्यावर ते दाखवणारं यंत्र त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. दोष त्याला कसा द्यायचा?

महाड-पोलादपूरच्या माणसाला नजरेनं केलेली तपासणी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. पूल आणि केबल यांची बरोबरी मी करत नाही. गेलेल्या माणसांपुढे माझा विषय फार लहान आहे. पण वरून धड दिसतं म्हणून आतून धड आहे असं धरून चालायची सवय एकच आहे, आणि ती आम्हाला महागात पडलेली आहे.

आता मोजायचं म्हणजे काय मोजायचं? हे काही कोणा एका कंपनीचं खूळ नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये केबलिंगचं ५६८ हे मानक आलं, १९९५ मध्ये ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि तेव्हापासून जगभर याच चौकटीत काम चालतं. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही दळणवळणाच्या यंत्रणेसाठी स्वतंत्र विभाग आहे. भिंतीतली कायमची केबल ९० मीटरपेक्षा लांब नको, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १०० मीटर. आयओवर पंच करताना, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवताना, जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. ओढताना केबलवर ११० न्यूटनपेक्षा अधिक ताण नको, वळवताना वाकाची त्रिज्या तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी नको. यातली एकेक गोष्ट चुकली की ती यंत्राच्या आकड्यात उमटते. कॅटेगरी ६ ची केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात: संदेश किती क्षीण झाला, शेजारच्या जोडीत किती झिरपला, किती उलटा परतला, उशीर किती, चारही जोड्यांतला फरक किती, रोध किती. प्रत्येकाला मर्यादा आहे, आणि मर्यादेपासून आपण किती दूर आहोत तो आकडा यंत्र देतं, पहिल्या तीन गोष्टींसाठी डेसिबलमध्ये. मार्जिन म्हणतात त्याला. निकाल मर्यादेच्या इतका जवळ असेल की यंत्राच्या स्वतःच्या अचूकतेच्या पलीकडचं सांगता येत नाही, तर पासपुढे फुली येते. त्या फुलीचा अर्थ न कळणाऱ्या माणसाच्या हातात यंत्र देऊनही उपयोग नाही.

आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकांत प्रात्यक्षिकाच्या गुणांच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. ६० ते ७५ टक्के, ७५ ते ९०, ९० च्या वर. उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकात किमान ६० टक्के लागतात, लेखी विषयांपेक्षा कितीतरी जास्त, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पायरी ठरवायची ती कामाची अचूकता किती, नीटनेटकेपणा किती, मदत किती लागली यावरून. फिटरच्या कामात अचूकता मायक्रोमीटरनं बघता येते. वेल्डिंगचा जोड वाकवून, तोडून बघतात. केबलच्या कामात तर यंत्र स्वतःच आकडा देतं. एका मुलीची केबल नेक्स्टमध्ये ६ डेसिबल मार्जिननं पास झाली आणि तिच्या शेजाऱ्याची अर्ध्या डेसिबलनं, तर दोघांच्या हातात काय फरक आहे हे कोणत्याही परीक्षकापेक्षा ते आकडे चांगलं सांगतात. इतका चोख निवाडा मिळण्याची सोय असलेला हा व्यवसाय आहे, आणि आपण तिथे दिवे मोजत बसलो आहोत.

केबलच्या मालाची गोष्टही परीक्षेत यायला हवी. बाजारात कॅटेगरी ६ म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. बॉक्सवर सीसीए अशी अक्षरं बारीक टायपात असतात, कधी तीही नसतात. मानकाला शुद्ध तांबंच लागतं. मुलाम्याच्या तारेचा रोध तांब्याच्या तारेपेक्षा दीडपटीच्या वर जातो. आता केबलमधून नुसता संदेश जात नाही, कॅमेऱ्याला आणि वाय-फायच्या डब्यालाही वीज त्यातूनच जाते. केबलमधून वीज देण्याच्या २०१८ च्या मानकात ती एका पोर्टवर ९० वॉटपर्यंत गेली. असा मुलाम्याच्या केबलींचा जुडगा पत्र्याच्या शेडखाली, एप्रिल-मेच्या उन्हात, रसायनाच्या कारखान्यात तापत राहिला तर काय होईल याचा विचार करावा. दोन तुकडे समोर ठेवावेत, एक तांब्याचा, एक मुलाम्याचा, आणि ओळखायला सांगावं. चाकूनं मुलाम्याची तार खरवडली की आतला चांदीसारखा रंग दिसतो. मुलगा तार खरवडून बघतो की नुसतं बॉक्सवरचं नाव वाचतो, एवढ्यावरून त्याचं निम्मं शिक्षण कळतं.

इथवरचं लातूरच्या किंवा नागपूरच्या आयटीआयलाही लागू आहे. आमच्याकडची काही कामं मात्र इथलीच आहेत. महाड सावित्री आणि गांधारीच्या कुशीत वसलेलं आहे आणि पूर इथे पाहुणा नाही. २२ जुलै २०२१ ला आलेलं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं त्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या. त्या पाण्यानंतर तळमजल्यावरच्या कार्यालयांतून आयओ उघडून चिखल काढताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. रॅक जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, कारण तिथे प्लग पॉइंट होता. पुरानंतर केबल वाळली की दिव्यांचा टेस्टर तिलाही पास करतो. आवरणाच्या आत गेलेलं पाणी त्याला कळत नाही. यंत्राच्या आलेखात मात्र परतीचा संदेश आणि क्षीणता दोन्ही बिघडलेले दिसतात. म्हणून आमच्या मुलांच्या परीक्षेत जागेची पाहणी हा भाग असावा असं मला वाटतं. प्रशिक्षणार्थ्याला खरी इमारत दाखवा आणि विचारा, रॅक कुठे ठेवशील? त्यानं पहिल्यांदा पुराची खूण कुठे आहे असं विचारलं तर त्याला त्या प्रश्नाचे गुण द्या. विजेच्या वायरींपासून अंतर किती ठेवशील, अर्थिंग कुठून घेशील, पावसाचं पाणी केबलवरून ओघळून आत येऊ नये म्हणून भोकाबाहेर लूप सोडशील का? पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे प्रश्न पुस्तकातले नाहीत, पण इथे काम करणाऱ्याला रोज भेटतात.

फायबरचं तसंच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारं भारतनेट २०११ मध्ये दुसऱ्या नावानं मंजूर झालं, आपल्या राज्यात महानेट झालं, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ग्रामपंचायतींना रिंगमध्ये जोडायचं ठरलं, म्हणजे एका बाजूनं केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूनं संपर्क राहील. डोंगराळ तालुक्याला याहून उपयोगी रचना नाही. पण रिंग म्हणजे जोडही जास्त, आणि प्रत्येक जोड कोणीतरी हातानं करणार. फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, तिच्या आतला प्रकाश जाण्याचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा. क्लीव्हरनं काप सरळ गेला नाही, अल्कोहोलनं पुसताना टोक बोटाला लागलं, की जोड बिघडला. फायबर जोडणारं स्प्लायसिंग मशीन हवेतली आर्द्रता आणि समुद्रसपाटीपासूनची उंची बदलली की आर्क कॅलिब्रेशन मागतं. पोलादपूरच्या पायथ्याला सकाळी जोड मारायचे आणि दुपारी धुक्यात महाबळेश्वरच्या बाजूला घाटात, तर मधे हे कॅलिब्रेशन केलंच पाहिजे. मशीन स्वतः जो तोटा दाखवतं तो अंदाज असतो. खरं मोजमाप ओटीडीआर या फायबर मोजणाऱ्या यंत्राचं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. दोन वेगळ्या बनावटीच्या फायबर जोडल्या की एका बाजूनं बघताना जोडावर प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर तोच जोड दुप्पट वाईट दिसतो. खरा तोटा दोघांची सरासरी. एका बाजूचा छापील आलेख लावून परीक्षा पास झालेला मुलगा घाटात उभा राहून ‘जोड उत्तम आहे’ असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला दुसऱ्या टोकाला कधी पाठवलेलंच नसतं.

२०२१ च्या पुराच्या त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवर आली. वीज नव्हती, टॉवर बंद पडले होते, रस्ते दरडींनी आणि पाण्यानं तुटले होते. काय घडलं आहे हे बाहेर कळायलाच वेळ गेला. चांगली केबल दरड थांबवत नाही, आणि वीज गेल्यावर ती टॉवर चालवतही नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसाचा दोष मी कुठल्या केबलवर टाकत नाही. पण तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं, ग्रामपंचायत या जागा अशा वेळी एकमेकांशी बोलत्या राहाव्यात म्हणून आज जे बसवलं जातंय ते बसवणारे हात आपल्या संस्थांतून बाहेर पडतात. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई इथे दरडी आल्या, नंतर २०२१. पुढच्या वेळेपर्यंत या हातांची नीट परीक्षा झालेली असावी, एवढं मागणं जास्त नाही.

घरातला दिव्याचा पॉइंट काढणाऱ्या वायरमनला राज्याचा परवाना लागतो. चुकीच्या वायरीनं माणूस मरतो, म्हणून ते योग्यच आहे. नेटवर्कची केबल टाकणाऱ्याला आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलियात तो लागतो. तिथे ग्राहकाच्या जागेत दळणवळणाची केबल टाकायची तर नोंदणी हवी, आणि पूर्ण नोंदणीसाठी नुसता कोर्स चालत नाही, ३६० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो; स्ट्रक्चर्ड केबलिंग आणि फायबर यांची पात्रता त्यावर वेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे परवान्याचा कायदा आणणं आपल्या हातात नाही, मी तो मागतही नाही. परवाना नाही म्हणूनच प्रमाणपत्राची जबाबदारी मोठी आहे. ग्राहकाला कौल लावायला दुसरं काहीच उपलब्ध नाही.

अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो हे मला माहीत आहे. संगणकावरची लेखी परीक्षाही तिकडून येते. पण प्रात्यक्षिक संस्थेत होतं, परीक्षक राज्याचे असतात, साहित्याची खरेदी राज्य करतं आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाची फाइल संस्थेत राहते. तेवढ्यात बरंच करता येईल.

प्रात्यक्षिकासाठी प्लायवूडची एक भिंत उभी करावी. मागे पाइप, वळणं, एका टोकाला छोटा रॅक, दुसऱ्या टोकाला आयओ. मध्ये केबलचं वेटोळं ठेवून लांबी खऱ्या कामाइतकी, साठ-सत्तर मीटर करावी, म्हणजे दोष लपणार नाहीत. प्रशिक्षणार्थ्यानं केबल ओढावी, दोन्हीकडे पंच करावी, लेबल लावावं आणि स्वतः यंत्र लावून मोजावी. यंत्रात योग्य मर्यादा निवडली का, कायमच्या केबलसाठी कायमच्या केबलचा अडॅप्टर लावला की पॅच कॉर्डसकट मोजून टाकलं, हे परीक्षकानं बघावं. यावरूनच पुढे कामांवर सर्वांत जास्त भांडणं होतात. केबल नापास झाली म्हणून लगेच मुलाला नापास करू नये. त्याला आलेख वाचू द्यावा, दोष कुठे आहे ते सांगू द्यावं, दुरुस्त करून पुन्हा मोजू द्यावं. पहिल्याच झटक्यात नशिबानं पास झालेल्यापेक्षा, टोकापासून दोन मीटरवर केबल चेपली आहे हे आलेखावरून शोधणारा मुलगा मला कामावर जास्त हवा असतो. शोधण्यासाठी मुद्दाम दोष घातलेल्या चार-पाच केबली त्याच भिंतीवर कायमच्या असाव्यात: एक स्प्लिट पेअर, एक जास्त उलगडलेली, एक मुलाम्याची, एक आवळ वळवलेली. दरवर्षी त्यांच्या जागा बदलाव्यात, नाहीतर तिसऱ्या वर्षी कोणती कुठे आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत असेल.

आणि निकाल म्हणून कागद घेऊ नये. छापील रिपोर्टवरचं नाव बदलून एकाचा निकाल दहा जणांना लावता येतो. ठेकेदारीत हे सर्रास चालतं आणि मी ते पाहिलेलं आहे. यंत्रातली मूळ फाइल घ्यावी. तिच्यात दिवस, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख असते, आणि ती सहजासहजी बदलता येत नाही. प्रशिक्षणार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या नोंदी जपून ठेवायच्या असा नियम आपल्याकडे आहेच. त्या नोंदींत ही फाइल जाऊ द्या, आणि तिची एक प्रत मुलाला द्या.

यंत्र महाग आहे, हे पहिलं उत्तर मला मिळेल. खरं आहे. धंद्यात ज्याला आम्ही सरसकट फ्ल्यूक म्हणतो तो नवा संच कित्येक लाखांना पडतो, शिवाय दरवर्षी कॅलिब्रेशनचा खर्च. प्रत्येक तालुक्याला एक घ्या असं मी म्हणणार नाही. कपाटात कुलपात पडलेली यंत्रं मी बघितली आहेत. माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन, तळा या दक्षिण रायगडच्या संस्थांना मिळून एक संच पुरेल, परीक्षांच्या तारखा मागेपुढे ठेवल्या तर. त्याच्यासोबत फिरणारा एक माणूस हवा, ज्याला ते चालवता येतं आणि जो त्याला जबाबदार आहे. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच पट्ट्यात आहे. संच तिथे ठेवून तिथली मंडळी परीक्षक म्हणून घेता येतील का ते बघावं. महाडच्या वसाहतीतल्या काही कारखान्यांची मोठी नेटवर्कं आहेत, त्यांचे अभियंते आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समित्यांवर येऊ शकतात. समितीच्या बैठकीत चहा घेऊन जाण्यापेक्षा वर्षातून एक दिवस त्यांनी या भिंतीपुढे उभं राहावं. शिकवणारा आणि तपासणारा एकच माणूस नको, ही अट त्यामुळे आपोआप पूर्ण होईल.

दुसरं उत्तर मिळेल की अशानं निकाल पडेल. पहिल्या वर्षी पडेल, नक्की पडेल. पण आमच्याकडच्या मुलांचा विचार करा. पोलादपूरच्या वाड्यांमधून पोरं मुंबईला जाण्याची रीत पिढ्यांची आहे. आता तर मुंबईपर्यंतही जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलला योट्टाचं मोठं डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं, पुढे ऐरोली-महापेला अशा इमारती एकामागून एक उभ्या राहतायत, आणि या इमारतींच्या आत केबल आणि फायबरशिवाय दुसरं काय असतं? तिथला सुपरवायझर मुलाला पहिल्या दिवशी यंत्राजवळ उभं करतो. ज्याला फुलीचा अर्थ माहीत आहे तो यंत्रावर राहतो. ज्याला माहीत नाही तो केबलच्या पेट्या उचलायला जातो आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तिथेच राहतो, कारण शिकवायला तिथे कोणाला सवड नसते. त्यांच्या पगारांतला फरक मी इथे लिहीत नाही. आपण कोणत्याही ठेकेदाराला विचारा. परीक्षेत सोप्यात सुटलेला आमचा मुलगा तिथे अडकतो.

मुलींबद्दल वेगळं एक सांगायचं आहे. स्प्लायसिंगचं आणि टर्मिनेशनचं काम ताकदीचं नाही, हाताच्या स्थिरतेचं आणि चिकाटीचं आहे. माझ्याकडच्या मुली फायबरचे जोड फार चांगले मारतात. पण साइटवर त्यांचं म्हणणं कोणी ऐकत नाही. ‘जोड ठीक नाही, पुन्हा मारू’ असं त्यांनी सांगितलं की लोक हसण्यावारी नेतात. दोन्ही बाजूंनी मोजलेला आकडा हातात असला की वाद थांबतो. ज्यांच्या शब्दाला वजन नाही त्यांना मोजमापाची सर्वांत जास्त गरज असते.

येत्या परीक्षेपासून सगळं बदलावं असं मी म्हणत नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत एका वर्षाच्या प्रशिक्षणार्थ्यांवर हे करून बघावं. भिंत उभी करायला लागणारं प्लायवूड, पाइप आणि केबल आमच्यासारखे इथले ठेकेदार मिळून देऊ. तसं बोलणं झालेलं आहे. दोष घातलेल्या केबली मी स्वतः तयार करून देईन आणि कोणती कुठे आहे ते बंद पाकिटात परीक्षकाकडे देईन. आपल्याकडून हवं आहे ते कॅलिब्रेशन झालेलं एक यंत्र परीक्षेच्या आठवड्यापुरतं, बाहेरचा परीक्षक, आणि त्या मोजमापाचे गुण प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरायची लेखी परवानगी. परवानगीचं पत्र पावसाळ्याच्या बरंच आधी यावं, म्हणजे भिंत मेअखेर उभी राहील; जूनपासून आमच्याकडे लाकूड वाळत नाही.

आपला,
महाड-पोलादपूर भागात नेटवर्क केबलची कामं करणारा एक ठेकेदार